माईकची हजेरी

वर्गात हजेरी घेण्याच्या दोन पद्धती आहेत. प्राध्यापक घाईत असले म्हणजे नुसते रोल नंबर पुकारतात, आणि सवड असली तर नावे घेतात. नंबराने हजेरी झटपट होते हे खरे. परंतु प्रवेश अजून चालू असताना, ऐन जुलै महिन्यात ज्यांनी हजेरी घेतली असेल त्यांना त्यातील गोम ठाऊक असेल. सोमवारी २७ नंबरचा असलेला विद्यार्थी गुरुवारी २९ नंबरचा झालेला असतो, कारण मधल्या दिवसांत वरच्या आडनावांचे दोघे दाखल झाले. मुलगा तोच, बाकही तोच. नंबर मात्र गेला. हजेरीचा एक तिसराही प्रकार आहे; तो प्राध्यापकांचा नव्हे, विद्यार्थ्यांचा. गैरहजर मित्राच्या नंबराला मागच्या बाकावरून कोणीतरी ‘येस सर’ म्हणतो. त्याला आपण प्रॉक्सी म्हणतो.

हे तिन्ही प्रकार संगणकाच्या पोटात रोज घडतात, आणि ते घडल्यामुळे आमच्या हातून एका वृद्ध बाईच्या ओव्या निसटल्या. कला शाखेच्या अंकात संगणकाच्या आज्ञावलीविषयी लेख कशाला, असे जर कोणी विचारील तर त्याला माझे उत्तर एवढेच.

प्रसंग असा. पाटण तालुक्यातील एका लहान गावी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतात असे कळले. मराठी घेतलेला तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी आणि मी असे दोघे गेलो. सोबत एक लॅपटॉप आणि यूएसबीच्या वायरीचा एक बऱ्यापैकी माईक. विद्यार्थी हौशी, त्याने पायथन या संगणकभाषेत एक छोटी आज्ञावली स्वतः लिहिली होती. कळ दाबली की ध्वनिमुद्रण सुरू, पुन्हा दाबली की बंद, आणि प्रत्येक ओवी तारखेसह वेगळ्या फाईलमध्ये जमा. महाविद्यालयात तिची आम्ही चार वेळा परीक्षा घेतली होती आणि चारही वेळा ती उत्तीर्ण झाली होती. त्या आज्ञावलीतील एका ओळीचा अर्थ असा होता: एक नंबरच्या ध्वनियंत्राकडून आवाज घे. परीक्षेच्या वेळी यादीत एक नंबरला आमचाच माईक होता.

गावी मात्र या मुलाच्या गळ्यात ब्लूटूथचा नेकबँड होता. आदल्या रात्री त्याने त्यावर लॅपटॉपवरचा सिनेमा ऐकलेला. त्यामुळे लॅपटॉप उघडताच त्या दोघांची जुनी ओळख आपोआप जुळली. नेकबँडला छोटासा माईक असतो, फोनवर बोलण्यासाठी. यादीत नवा विद्यार्थी दाखल झाला, एक नंबर त्याला मिळाला आणि आमचा माईक दोनवर सरकला. आम्हांला याचा पत्ताही नाही. आजी दीड तास गात होत्या. पडद्यावरची हिरवी पट्टी आवाजाबरोबर वरखाली होत होती, म्हणजे सारे काही ठीक चालले आहे असे आम्ही समजलो.

संध्याकाळी मुक्कामावर येऊन ऐकू लागलो तो काय! मुलाचा श्वासोच्छ्वास, त्याच्या शर्टाच्या कॉलरची घासघास, आणि दर ओळीनंतर त्याचे आदरपूर्वक ‘हं, हं’. आजी कुठेतरी पाठीमागे, विहिरीच्या तळातून बोलाव्यात तशा. शिवाय आवाजाचा पोतच टेलिफोनचा. ब्लूटूथच्या संभाषणाच्या पद्धतीत आवाजाचे नमुने सेकंदाला बहुधा ८,००० किंवा १६,००० घेतले जातात, चांगल्या ध्वनिमुद्रणात ४४,१०० किंवा ४८,०००. त्यामुळे स, श, च यांच्या खणखणीतपणाचे जे काही असते त्यातले बरेचसे तेथे येतच नाही. नंतर कितीही साफसफाई केली तरी आणता येत नाही.

टेपरेकॉर्डरच्या काळात हा प्रश्न नव्हता. माईकची वायर ज्या भोकात जाई तेथूनच आवाज येई. भोक एक, माईक एक. संगणकाचे तसे नाही. त्याला एकाच वेळी पाच-सहा कान असू शकतात: पडद्याच्या चौकटीतला माईक, कॅमेऱ्याबरोबर आलेला, यूएसबीचा, ब्लूटूथचा, आणि काही तर प्रत्यक्षात नसलेले, म्हणजे सभांच्या वा ध्वनिसंकलनाच्या आज्ञावलींनी निर्माण केलेले आभासी. त्यांतील कोणत्या कानाने ऐकावयाचे हे आज्ञावलीने सांगावे लागते, आणि ते सांगण्याचे मार्ग मुख्यतः दोन: नंबर आणि नाव.

नंबराचा मार्ग जुना. विंडोज या प्रणालीत १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून जी पद्धत आहे तीत आज्ञावली प्रथम विचारते, आवाज घेणारी यंत्रे किती? उत्तर आले चार, की त्यांचे नंबर शून्य ते तीन. मग प्रत्येक नंबराला त्याची माहिती विचारता येते आणि हवे ते यंत्र उघडता येते. यात एक गोष्ट लक्षात ठेवावयाची की हा नंबर यंत्राच्या अंगावर कोठे कोरलेला नसतो. तो रांगेतील जागेचा नंबर आहे. रांग केव्हा लागली, कोण आधी आले, कोणाला मुख्य म्हणून नेमले आहे, यावर तो ठरतो. एखादे यंत्र उपटले की मागच्यांचे नंबर पुढे सरकतात. लिनक्समध्येही ध्वनियंत्रांना शून्य, एक, दोन असे नंबर मिळतात, आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की कोणाचे चालकसूत्र आधी जागे झाले यावर ते बदलू शकतात. मॅकवर चालू सत्रापुरता एक आकडा असतो. सत्र संपले की त्याचा भरवसा संपला. थोडक्यात, नंबर विचारून त्याच क्षणी वापरला तर ठीक. तो आज्ञावलीत लिहून ठेवला, की जुलैतला रोल नंबर मार्चच्या परीक्षेला वापरण्यासारखे झाले. आमच्या विद्यार्थ्याने नेमके हेच केले होते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने वापरलेले पायऑडिओ हे साधन यंत्राचा नंबरच मागते, नाव घेतच नाही.

मग नावाने हाक मारावी हे ओघानेच आले. पण नाव येते कोठून?

यूएसबीच्या माईकचे नाव त्याच्या आतच साठवलेले असते. संगणकाला जोडल्याबरोबर तो आपली ओळख सांगतो: बनविणाऱ्या कंपनीचा क्रमांक, मालाचा क्रमांक, आणि त्याबरोबर कंपनीचे नाव, मालाचे नाव व अनुक्रमांक असे मजकूर. यांतील क्रमांक सक्तीचे, मजकूर ऐच्छिक. चांगल्या कंपन्या सारे रकाने भरतात. स्वस्तातले माईक मालाच्या नावाच्या जागी नुसते ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’ किंवा ‘यूएसबी पीएनपी साउंड डिव्हाइस’ असे लिहून मोकळे होतात, आणि अनुक्रमांकाचा रकाना कोराच ठेवतात. वर्गातल्या निम्म्या मुलांनी आपले नाव ‘विद्यार्थी’ असे सांगावे तसा हा प्रकार. आमचा माईक या दुसऱ्या जातीचा होता.

या कोऱ्या रकान्याचा परिणाम दूरवर जातो. अनुक्रमांक असलेला माईक कोणत्याही भोकात घाला, विंडोज त्याला ओळखते. अनुक्रमांक नसलेला माईक डावीकडच्या भोकातून काढून उजवीकडे घातला, की विंडोजला तो नवाच पाहुणा वाटतो, आणि जुन्या पाहुण्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्याच्या नावापुढे ‘२-’ असे चिकटवले जाते. आता आज्ञावलीत जर पूर्ण नाव अक्षरशः ताडून पाहण्याची व्यवस्था असेल तर ती म्हणणार, असा माईकच नाही. आणि माईक तर समोर टेबलावर दिसतो आहे! लिनक्समध्ये एकाच जातीचे दोन माईक लावले तर पहिल्याला साधे नाव आणि दुसऱ्याला त्याच नावापुढे १ असा आकडा मिळतो. पहिला कोणता हे मात्र पुन्हा आधी कोण दिसला त्यावर. म्हणजे नावाच्या वेषात नंबरच परत आला. तेथे जाणकार लोक भोकाचा पत्ता धरून नाव ठरवून देतात. तो उपाय खात्रीचा आहे, पण मग वायरी जागच्या जागी ठेवण्याची शिस्त हवी.

नाव कापले जाणे हा आणखी एक उपद्रव. विंडोजच्या जुन्या पद्धतीत नावासाठी ३२ जागा राखलेल्या असतात, त्यांतील शेवटची समाप्तीच्या खुणेची, उरल्या ३१. इंग्रजीत ‘मायक्रोफोन’ हा शब्द, पुढे एक मोकळी जागा आणि उघडणारा कंस यांतच १२ खर्ची पडतात. बाकीच्या १९ मध्ये बसेल तेवढे मालाचे नाव. म्हणून ‘रिअलटेक हाय डेफिनिशन ऑडिओ’ हे नाव यादीत ‘रिअलटेक हाय डेफिनि’ येथेच तुटलेले दिसते. रेल्वेच्या आरक्षणाच्या तक्त्यावर आपले आडनाव अर्धेच छापलेले पाहण्याची ज्यांना सवय आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. पण पूर्ण नाव शोधणाऱ्या आज्ञावलीला ते अर्धे नाव सापडत नाही. २००७ च्या सुमारास विंडोज व्हिस्टाबरोबर जी नवी ध्वनिपद्धती आली तीत नाव पूर्ण मिळते, आणि नावाशिवाय एक लांबलचक ओळखचिठ्ठीही मिळते, जी माणसाने वाचण्याची नसून यंत्राने जपून ठेवण्याची असते. मॅकवरही अशी टिकाऊ ओळखचिठ्ठी आहे.

येथे मराठी माणसाची एक खास अडचण सांगितली पाहिजे, कारण इंग्रजी पुस्तकांत ती सापडत नाही. विंडोजमध्ये माईकचे नाव आपल्या आवडीने बदलता येते. माझ्या विद्यार्थ्याने उत्साहाने ते देवनागरीत ठेवले: ‘ओव्यांचा माईक’. जुन्या धाटणीच्या एका आज्ञावलीने ही यादी दाखवली तेव्हा त्या जागी केवळ प्रश्नचिन्हांची रांग होती. कारण असे की विंडोजच्या जुन्या, एका-एका बाइटच्या वर्णसंचांत देवनागरीला जागाच कधी मिळाली नाही. आपली लिपी तेथे युनिकोडबरोबरच आली. जी आज्ञावली अजून जुन्या दाराने नाव विचारते तिला आपले प्रत्येक अक्षर म्हणजे प्रश्न. बरे, युनिकोडने तरी सारे सुरळीत होते का? नाव ‘दुसऱ्या खोलीचा माईक’ असे ठेवले आहे असे समजा. ‘ऱ्या’तील तो डोळ्याच्या पापणीसारखा र दोन प्रकारे टंकलिखित होतो. एकात खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. आज्ञावलीला मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत, आणि युनिकोडची जी प्रमाणीकरणाची सोय आहे तीही या दोघांना एक करीत नाही. नाव एका कळफलकावर ठेवले आणि आज्ञावली दुसऱ्यावर लिहिली, तर माणूस डोळे फाडून बघत बसेल आणि यंत्र म्हणत राहील, जुळत नाही. मी भाषेचा माणूस. तरीही माईकचे नाव साध्या रोमन अक्षरांत ठेवावे, असा सल्ला मला नाइलाजाने द्यावा लागतो.

आता प्रॉक्सीकडे वळू. मागितलेला माईक सापडला नाही तर काय करावे, याचे उत्तर पुष्कळ आज्ञावलींनी असे दिले आहे: जो मुख्य म्हणून नेमलेला असेल तो घ्यावा आणि काम चालू ठेवावे. वरवर पाहता ही सौजन्याची गोष्ट. सभेत बोलणाऱ्याला ती सोयीचीही असते, कारण समोरचा माणूस लगेच ‘आवाज नीट येत नाही’ म्हणून सांगतो. ध्वनिमुद्रणात सांगणारे कोणी नसते. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘येस सर’ म्हटले, हजेरीपटावर खूण झाली, आणि खरा मुलगा कोठे आहे हे परीक्षेपर्यंत कळत नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आज्ञावलींत हा फरक फार स्पष्ट दिसतो. तेथे यंत्राची ओळख नुसती लिहिली तर ब्राउझर तिचा अर्थ ‘शक्यतो हा’ असा घेतो, आणि तो नसल्यास मुकाट्याने दुसरा देतो. ‘नेमका हाच’ असे वेगळ्या शब्दाने बजावले, तर माईक नसल्यास चूक नोंदवून थांबतो. एका शब्दाचा फरक. (ब्राउझर आणखी एक गोष्ट करतो: वापरणाऱ्याने माईकची परवानगी देईपर्यंत यादीतील नावे कोरीच ठेवतो, आणि ओळखचिठ्ठी प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी देतो. कोणाकडे कोणती यंत्रे आहेत यावरून माणसाचा माग काढता येऊ नये, हा त्यातील हेतू. ज्याला नाव शोधावयाचे आहे त्याने आधी परवानगी घ्यावी, मग यादी मागावी.)

गावाहून परतल्यावर त्या मुलाने आज्ञावली नव्याने लिहिली. पायऑडिओ सोडून त्याने ‘साउंडडिव्हाइस’ हे साधन घेतले. दोन्ही साधने उभी आहेत ती पोर्टऑडिओ या एकाच पायावर. रॉस बेन्सिना आणि फिल बर्क यांनी २००१ साली संगणकसंगीताच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जिच्याविषयी निबंध वाचला, ती ही विनामूल्य ग्रंथिका. फरक इतकाच, की साउंडडिव्हाइस नंबरही घेते आणि नावाचा तुकडाही. लहान-मोठी लिपी ती पाहत नाही. दिलेले शब्द त्याच क्रमाने नावात असले की पुरे. त्यामुळे नावापुढे ‘२-’ लागले तरी अडत नाही. आणि आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, एकही नाव जुळले नाही किंवा एकाहून अधिक जुळली, तर ती अंदाज करीत नाही. थांबते आणि तसे सांगते.

पहिल्याच दिवशी ती थांबली. माईक एक, आणि ती म्हणे अनेक जुळतात! यादी छापून पाहिली तेव्हा उलगडा झाला. विंडोजमध्ये आवाजाकडे जाण्याचे जुने-नवे असे अनेक दरवाजे आहेत आणि पोर्टऑडिओ प्रत्येक दरवाज्याची यादी एकाखाली एक मांडते. एकच मुलगा एनसीसीच्या यादीत, जिमखान्याच्या यादीत आणि वसतिगृहाच्या यादीतही असावा तसे. म्हणून नावाच्या तुकड्यापुढे दरवाज्याचेही नाव द्यावे लागते. आम्ही ‘यूएसबी ऑडिओ वासापी’ असे तीन शब्द रोमनमध्ये दिले; वासापी हा नवा दरवाजा, जेथे नाव कापले जात नाही. एकच उत्तर आले.

बाकीचे थोडक्यात सांगतो. ही यादी आज्ञावली सुरू होतानाच तयार होते. नंतर लावलेला माईक तीत दिसत नाही, तेव्हा माईक आधी लावावा, मग आज्ञावली चालवावी. यादीत ध्वनिक्षेपकही असतात, म्हणून आवाज घेण्याच्या वाहिन्या शून्याहून अधिक आहेत ना, हे पाहावे. उघडलेल्या यंत्राचे पूर्ण नाव आज्ञावलीने पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवावे, आणि प्रत्येक फाईलबरोबर लिहूनही ठेवावे. दहा वर्षांनी कोणी ऐकले तर कळावे की हा आवाज कोणत्या कानाने ऐकलेला आहे. सरतेशेवटी, गणेशोत्सवाच्या मांडवातला तो मुलगा ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणून जे करतो ते आपणही करावे. माईकच्या जाळीवर बोटाने टिचकी मारावी आणि मुद्रित झालेली टिचकी कानाला लावून ऐकावी. हिरव्या पट्टीवर विसंबू नये. पट्टी फक्त आवाज आहे एवढेच सांगते, कोणाचा ते सांगत नाही.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. नेकबँड मुलाने घरीच ठेवला होता. आज्ञावलीने माईकचे नाव दाखवले, टिचकी ऐकली, आणि आजी दोन दिवस गायल्या. माहेरच्या, भावाच्या, विठ्ठलाच्या पुष्कळ ओव्या मिळाल्या आणि त्या स्वच्छ आहेत. पण पहिल्या खेपेला १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडताना जुळवलेल्या काही ओव्या त्यांनी म्हटल्या होत्या. त्या या वेळी आल्या नाहीत. आम्ही आठवण करून दिली, एक-दोन शब्दही सुचवले. आजी थोडा वेळ जात्याच्या खुंट्याला हात लावून बसल्या आणि म्हणाल्या, “न्हाई आठवत, लेकरा. त्या दिवशी आल्या, आल्या.”

त्या ओव्या आहेत त्या पहिल्या दिवशीच्या फाईलींतच. मुलाच्या ‘हं, हं’च्या मागून जेवढे शब्द लागतात तेवढे तो स्वतःच रोज तास-दोन तास बसून उतरवून घेत आहे. आतापर्यंत नऊ ओव्या पूर्ण झाल्या आहेत. चारांत मधले चरण लागत नाहीत.